‘४० कॅलचा सूट’ म्हणजे नेमकं काय? आर्क फ्लॅश कपड्यांवरचे आकडे वाचण्याची पद्धत

“स्टोअरमध्ये ४० कॅलचा सूट आलाय, आता चालू पॅनेल उघडायला हरकत नाही.” मेंटेनन्स खात्यात हे वाक्य सर्रास ऐकू येतं आणि ते धोकादायक आहे. ४० हा आकडा कापडाबद्दल सांगतो, तुमच्या पॅनेलबद्दल तो एक अक्षरही बोलत नाही. त्या पॅनेलमध्ये आर्क पेटला, म्हणजे दोन भागांमधल्या हवेतून वीज उसळली, तर अंगावर किती उष्णता येईल हे माहीत नसेल, तर ४० पुरेसे, अपुरे की विनाकारण जड, हे ठरवताच येत नाही. त्यामुळे आधी कपड्यावरचा आकडा समजून घ्यायचा, मग पॅनेलचा आकडा काढायचा आणि दोन्ही शेजारी ठेवून निर्णय घ्यायचा.

कॅल म्हणजे काय

पूर्ण एकक आहे कॅलरी प्रति चौरस सेंटीमीटर. एक ग्रॅम पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला लागते ती ही कॅलरी. आहारातली कॅलरी याच्या हजारपट असते, तिचा इथे संबंध नाही. बोटाच्या नखाएवढ्या जागेवर आर्क विझेपर्यंत एकूण किती उष्णता आदळली, एवढंच हे माप आहे.

लक्षात ठेवायचा पहिला आकडा १.२. उघड्या कातडीवर १.२ कॅल उष्णता आली की सेकंड डिग्री भाजण्याची, म्हणजे फोड येण्याची, सुरुवात होते असं धरलं जातं. यामागे अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत अ‍ॅलिस स्टोल यांनी केलेलं भाजण्यावरचं संशोधन आहे. १९८२ मध्ये राल्फ ली यांनी आर्कपासून होणाऱ्या भाजण्यावरचा निबंध लिहिला आणि हा विषय विजेच्या क्षेत्रात खऱ्या अर्थाने चर्चेत आला. ज्या अंतरावर उष्णता घटून १.२ कॅल होते, ती आर्क फ्लॅश बाउंडरी. त्या रेषेच्या आत येणाऱ्या प्रत्येकाला, नुसता उभा राहून बघणाऱ्या सुपरवायझरलासुद्धा, आर्क-रेटेड, म्हणजे आर्कवर तपासून आकडा दिलेले, कपडे हवेत.

युरोपीय बनावटीच्या कपड्यांवर आकडा किलोज्यूल प्रति चौरस मीटरमध्ये असू शकतो. १ कॅल म्हणजे ४१.८४ किलोज्यूल प्रति चौरस मीटर. लेबलवर ३३५ दिसलं तर तो सूट ३३५ कॅलचा नसतो, ८ कॅलचा असतो. खरेदीच्या वेळी ही गल्लत सहज होते.

एटीपीव्ही, ईबीटी आणि एलिम

कपड्यावरच्या आकड्यामागे यापैकी एक नाव असतं. आकडा वाचण्याआधी नाव वाचा.

कापडाची चाचणी अमेरिकेच्या एएसटीएम एफ-१९५९ किंवा आंतरराष्ट्रीय आयईसी ६१४८२-१-१ या पद्धतीने होते. दोन इलेक्ट्रोडमध्ये सुमारे ३०० मिलीमीटरचा गॅप ठेवून ८ किलोअँपिअरचा उघडा आर्क पेटवतात. कापडाचे तुकडे त्याच्याभोवती सुमारे ३०० मिलीमीटरवर लावलेले असतात आणि त्यांच्यामागे उष्णता मोजणारे सेन्सर. आर्कचा काळ कमीजास्त करत किमान वीस तुकड्यांवर नोंदी घेतात. प्रत्येक वेळी बघायचं ते हे की कापडामागे पोचलेली उष्णता फोड येण्याच्या मर्यादेपलीकडे गेली की नाही. मग सगळ्या नोंदींवरून संभाव्यतेचं गणित मांडतात.

एटीपीव्ही म्हणजे असा आकडा, जिथे कापडामागच्या कातडीला सेकंड डिग्री भाजण्याची सुरुवात होण्याची शक्यता ५० टक्के आहे. हे पुन्हा वाचा. ८ कॅलचं कापड ८ कॅलपर्यंत शंभर टक्के वाचवतं असा याचा अर्थ नाही. बरोब्बर ८ कॅल आली तर निम्म्या वेळा फोड येऊ शकतात, निम्म्या वेळा येणार नाहीत.

ईबीटीमध्ये कापड फाटण्याकडे लक्ष असतं. उष्णतेने कापड जळून कोळशासारखं होतं आणि त्याला भोक किंवा चीर पडते. भोक १.६ चौरस सेंटीमीटरचं किंवा चीर २.५ सेंटीमीटरची झाली की कापड फुटलं असं मानतात. हे होण्याची शक्यता ५० टक्के असते तो आकडा ईबीटी. दोन्ही आकडे निघाले तर लहान असेल तोच कपड्याचं आर्क रेटिंग. लेबलवर ईबीटी दिसला म्हणून कापड कमअस्सल ठरत नाही. ते उष्णता चांगली अडवतं, पण भाजण्याची वेळ येण्याआधी फाटतं, एवढंच. ज्या कापडाचं रेटिंग एटीपीव्ही आहे, ते त्या आकड्याला बहुधा अखंड राहतं आणि आतल्या सुती बनियनपर्यंत ज्वाळा पोचू देत नाही.

एलिम हा तुलनेने नवा आकडा. आयईसी ६१४८२-१-१ च्या २०१९ च्या आवृत्तीत तो आला. ज्या उष्णतेच्या खाली चाचणीत एकदाही भाजण्याची मर्यादा ओलांडली गेली नाही आणि कापड फुटलं नाही, ती पातळी. साहजिकच तो एटीपीव्हीपेक्षा लहान असतो. ‘एटीपीव्ही ८’ आणि ‘एलिम ८’ असे दोन सूट समोर आले तर दुसऱ्याकडून जास्त सुरक्षितता मिळते. दोन कोटेशनची तुलना करताना दोन्हीकडे एकाच नावाचा आकडा आहे ना, हे आधी बघा.

कॅटेगरी १ ते ४

अमेरिकेच्या एनएफपीए ७०-ई या मानकाने कपड्यांचे चार गट केले. कॅटेगरी १ ला किमान ४ कॅल, २ ला ८, ३ ला २५ आणि ४ ला ४० कॅल लागतात. जुन्या सूटवर ‘एचआरसी २’ असं छापलेलं दिसतं, ते याच गटांचं पूर्वीचं नाव. २०१५ च्या आवृत्तीत ते नाव गेलं आणि त्याबरोबर साध्या सुती कपड्यांचा ‘शून्य’ गटही गेला.

८ आणि २५ मधली दरी मोठी आहे. ११ कॅलचा कपडा आणि २४ कॅलचा कपडा दोन्ही कॅटेगरी २ मध्येच बसतात. म्हणून फक्त ‘कॅट २’ लिहिलेला कपडा घेऊ नका, कॅलचा आकडा मागा.

कॅटेगरीचा तक्ता वापरायला अटी असतात आणि नेमक्या त्याच वाचल्या जात नाहीत. २४० ते ६०० व्होल्टच्या पॅनेलबोर्डला तक्ता कॅटेगरी २ सांगतो, पण शॉर्टसर्किट करंट २५ किलोअँपिअरपेक्षा जास्त नसेल, ब्रेकर ०.०३ सेकंदात तोडत असेल आणि अंतर किमान ४५५ मिलीमीटर असेल तरच. एमसीसीसाठी (मोटर कंट्रोल सेंटर) दोन वेगळ्या ओळी आहेत: ६५ किलोअँपिअर आणि ०.०३ सेकंदाला कॅटेगरी २, तर ४२ किलोअँपिअर आणि ०.३३ सेकंदाला थेट कॅटेगरी ४. खोका तोच, फक्त ब्रेकर हळू. एक अट मोडली तर तक्ता बंद करायचा आणि गणित करायचं. तक्त्यात वेळ सायकलमध्येही दिलेली असते, पण ती अमेरिकेच्या ६० हर्ट्झची. आपल्याकडे ५० हर्ट्झवर दोन सायकल म्हणजे ०.०४ सेकंद होतात. म्हणून सेकंदच धरा.

एपीसी १ आणि एपीसी २

काही कपड्यांवर कॅलचा आकडाच नसतो, फक्त ‘एपीसी १’ किंवा ‘एपीसी २’ असतं. हे आयईसी ६१४८२-१-२ च्या पेटीतल्या चाचणीचे वर्ग. उघड्या आर्कऐवजी एका बाजूने उघड्या पेटीत अर्धा सेकंद आर्क पेटवून झोत कापडावर सोडतात. एपीसी १ साठी ४ किलोअँपिअर, एपीसी २ साठी ७. निकाल पास किंवा नापास.

या वर्गांचं कॅलमध्ये रूपांतर करू नका. दोन चाचण्यांत आर्कचा आकार, दिशा आणि झोत वेगळे असतात. तुमच्या पॅनेलवर कॅलचा आकडा असेल तर कपड्यावरही कॅलचाच हवा. वर्गांवरून निवड करायची असेल तर जर्मनीच्या डीजीयूव्ही या संस्थेची २०३-७७ क्रमांकाची मार्गदर्शिका वापरतात, पण तिचं गणित वेगळं आहे.

पॅनेलचा आकडा

खरा खेळ इथे आहे. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम कारखान्यात सहज सापडेल अशी मांडणी घेऊ: १००० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, ११ केव्ही ते ४३३ व्होल्ट, इम्पिडन्स (अंतर्गत रोध) ५ टक्के, न्यूट्रल अर्थ केलेला. खाली मुख्य पॅनेलवर १६०० अँपिअरचा एसीबी (एअर सर्किट ब्रेकर).

फुल लोड करंट १३३३ अँपिअर. ५ टक्के इम्पिडन्सने भागलं की पक्क्या शॉर्टसर्किटचा करंट सुमारे २६.७ किलोअँपिअर येतो (वरच्या ११ केव्हीच्या जाळ्याचा इम्पिडन्स इथे सोडून दिलाय). पण आर्क म्हणजे पक्कं शॉर्टसर्किट नव्हे. मधे हवेचा गॅप असतो आणि त्याचा स्वतःचा रोध असतो. आयईईई १५८४ या आर्क फ्लॅशच्या गणिताच्या मानकातल्या २००२ च्या सूत्राने ३२ मिलीमीटर गॅप धरला तर आर्कचा करंट साधारण १३ किलोअँपिअर येतो, म्हणजे निम्मा. त्याच सूत्राने ६१० मिलीमीटरवर उभ्या माणसाच्या छातीवर दर दशांश सेकंदाला सुमारे २.८ कॅल येतात.

आता एसीबीच्या रिलीजकडे, म्हणजे त्याला तोडायला लावणाऱ्या भागाकडे, बघा. इन्स्टंटेनियस (क्षणात तोडण्याचं) सेटिंग १२ पट ठेवलंय, म्हणजे १९.२ किलोअँपिअर. कागदावर हिशेब करणारा म्हणतो, फॉल्ट २६.७ चा, सेटिंग १९.२ चं, ब्रेकर लगेच पडणार, म्हणजे ट्रिप होणार. ०.०५ सेकंद धरले तर १.४ कॅल. ८ कॅलचा शर्ट-पँट पुष्कळ झाला.

प्रत्यक्षात आर्क १३ किलोअँपिअरचा आहे. तो १९.२ पर्यंत पोचतच नाही. इन्स्टंटेनियस गप्प राहतं आणि शॉर्ट टाइम डिले, म्हणजे मुद्दाम ठेवलेला छोटा उशीर, चालू होतो. तोडायला एकूण ०.४ सेकंद लागले तर ११ कॅल. तोच पॅनेल, तोच ब्रेकर, आणि ८ कॅलचा कपडा घातलेला माणूस आता उघड्यावर आहे. आर्क फ्लॅशच्या गणितात सगळ्यात जास्त फसवणारी जागा हीच: फॉल्ट करंट मोठा म्हणून धोका मोठा असं नसतं, ब्रेकरला आर्क किती वेळ दिसत नाही त्यावर धोका ठरतो. म्हणूनच २००२ च्या पद्धतीत कमी व्होल्टेजचं गणित आर्क करंट ८५ टक्के धरून दुसऱ्यांदा करायचं असतं. कमी करंटला कधीकधी जास्त कॅल निघतात.

याच एसीबीच्या वरच्या टर्मिनलवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरकडून येणाऱ्या बाजूला, आर्क पेटला तर एसीबी पडूनही उपयोग नाही. तोडायचं काम ११ केव्हीच्या बाजूने करावं लागतं आणि तिकडे हा १३ किलोअँपिअर जेमतेम ५१० अँपिअर दिसतो. रिलेला तो ओळखायला वेळ लागतो. माणूस बाजूला होऊ शकेल असं समजून गणितात जास्तीत जास्त २ सेकंद धरतात. त्या हिशेबाने ५६ कॅल. तुमचा ४० कॅलचा सूट इथे पुरत नाही. इनकमरच्या, म्हणजे या मुख्य एसीबीच्या, वरच्या बाजूचं काम ११ केव्ही बंद केल्याशिवाय करू नये, याचं कारण हे.

उपायही याच गणितात आहे. काम चालू असेपर्यंत इन्स्टंटेनियस ६ पट, म्हणजे ९.६ किलोअँपिअरवर आणलं तर १३ चा आर्क त्याला दिसतो, ८५ टक्के धरून येणारा ११ चासुद्धा. ब्रेकर ०.०५ सेकंदात पडतो आणि ११ कॅलचे पुन्हा १.४ होतात. नव्या रिलीजमध्ये यासाठी मेंटेनन्स मोडचा स्विच असतो. खालच्या फीडरच्या (पुढे वीज नेणाऱ्या लाइनच्या) ब्रेकरशी समन्वय तेवढ्या वेळापुरता बिघडतो, म्हणून काम संपल्यावर सेटिंग परत न्यायला विसरू नये, कामाच्या परवानगीच्या कागदावर (परमिटवर) तशी ओळच ठेवावी. इनकमरच्या वरच्या बाजूला मात्र याने काहीही फरक पडत नाही.

अंतराचाही हिशेब ठेवा. ६१० मिलीमीटर हे कमी व्होल्टेजच्या स्विचगियरसाठीचं अंतर. एमसीसी किंवा पॅनेलबोर्डला ४५५ धरतात, ५ ते १५ केव्हीच्या स्विचगियरला ९१०. वरच्याच उदाहरणात माणूस वाकून ४५५ वर आला की उष्णता दीडपटीने वाढते: ११ चे १७ कॅल. हातावर तर त्याहून कितीतरी जास्त येते.

हे सगळं ढोबळ गणित समज येण्यासाठी आहे. प्रत्यक्ष अभ्यास आयईईई १५८४ च्या २०१८ च्या आवृत्तीनेच करून घ्या. तिच्यात बसबार उभे की आडवे, पेटीत की मोकळे, अशा पाच मांडण्यांचा वेगळा विचार आहे. आडव्या बसबारची टोकं माणसाकडे रोखलेली असतील तर आर्कचा झोत थेट अंगावर येतो आणि आकडा बराच वाढतो. ट्रान्सफॉर्मर बदलला किंवा सेटिंग बदललं की अभ्यास पुन्हा करावा लागतो. काहीच बदललं नसलं तरी ७०-ई मध्ये पाच वर्षांच्या आत फेरतपासणी सांगितली आहे.

पॅनेलवरच्या स्टिकरवर व्होल्टेज, बाउंडरी आणि मग एकतर अंतरासह कॅलचा आकडा किंवा कॅटेगरी असावी. दोन्ही एकत्र नको. वरचंच पॅनेल ७०-ई च्या तक्त्यात ६०० व्होल्टच्या स्विचगियरच्या ओळीत बसतं, ३५ किलोअँपिअर आणि ०.५ सेकंदाच्या अटी पाळतं आणि कॅटेगरी ४ मिळवतं. गणिताने त्याचे ११ कॅल येतात. एका स्टिकरवर दोन्ही लिहिलं तर वायरमनने काय घालायचं?

आकडे जुळवताना थोडी जागा ठेवा. पॅनेल ७.८ चं आणि कपडा ८ चा, हे कागदावर चालतं, पण एटीपीव्ही ५० टक्क्यांचा आकडा आहे हे विसरून चालत नाही. अशा ठिकाणी १२ कॅलचा कपडा घेणं शहाणपणाचं.

सूट हातात आल्यावर काय तपासायचं

१. कॉलरच्या किंवा खिशाच्या आतलं शिवलेलं लेबल शोधा. बाहेरची छपाई म्हणजे लेबल नव्हे. लेबलवर मानकाचा क्रमांक हवा: एएसटीएम एफ-१५०६ किंवा आयईसी ६१४८२-२. फक्त ‘फायर रिटार्डंट’ लिहिलेलं असेल तर परत करा. आर्क-रेटेड कपडा आग न धरणारा असतोच, पण आग न धरणारा प्रत्येक कपडा आर्कवर तपासलेला नसतो. एनएफपीए २११२ हे तेलवायू उद्योगातल्या फ्लॅश फायरचं मानक आहे, तेवढ्यावर भागत नाही.

२. आकडा, त्याचं नाव आणि एकक वाचा. कापडाचा प्रकार, धुण्याच्या सूचना आणि बॅच किंवा ट्रॅकिंग क्रमांकही बघा. ट्रॅकिंग क्रमांकावरून पुरवठादाराकडून चाचणीचा अहवाल मागता येतो. मागाच.

३. वजनावरून रेटिंग ठरवू नका. एकाच जीएसएमच्या (दर चौरस मीटरला तेवढेच ग्रॅम वजन असलेल्या) दोन कापडांचं रेटिंग वेगळं निघतं, कारण धागा, वीण आणि प्रक्रिया वेगळी असते.

४. सूट, हूड (डोक्यावरून घालायचं काच लावलेलं आच्छादन) आणि हूडची काच यांचे आकडे वेगवेगळे छापलेले असतात. फेस शील्डचं मानक एएसटीएम एफ-२१७८. ४० चा कोट आणि १२ ची शील्ड असेल तर त्या माणसाचं संरक्षण १२ चं.

५. दोन थरांची बेरीज करू नका. ८ चा शर्ट आणि वर ८ चं जॅकेट मिळून १६ होतीलच असं नाही. मधल्या हवेमुळे जास्तही भरू शकतं, पण दोन्ही थर एकत्र तपासून उत्पादकाने दिलेला आकडा असेल तरच धरा. आतल्या साध्या सुती कपड्याने रेटिंग वाढत नाही.

अंगात काय असावं

बनियन सुती असावं. सुती कापड जळतं, पण वितळत नाही. पॉलिस्टर, नायलॉन, पॉलीप्रॉपिलीन, स्पॅन्डेक्स वितळतात आणि कातडीला चिकटतात. ते सोलून काढताना कातडी येते. जिमची ड्राय-फिट बनियन आणि टेरीकॉटची पँट ही दोन आपल्याकडची नेहमीची चूक. गणवेशाचं कापड टेरीकॉट असेल तर त्यावर आर्क कोट चढवून काम भागवू नका, गणवेशच बदला. अंतर्वस्त्राची इलास्टिकची पट्टी चालते.

आर्क कपड्याच्या वर दुसरं काही घालायचं तर तेही आर्क-रेटेड हवं. रिफ्लेक्टिव्ह जॅकेट, रेनकोट, ओळखपत्राची नायलॉनची दोरी, वर शिवलेला पॉलिस्टरचा मोठा लोगो, सगळं उतरवा. बाह्या मनगटापर्यंत, गळ्याचं बटण लावलेलं, शर्ट पँटीत खोचलेला. दुपारच्या उकाड्यात बाह्या दुमडलेल्या कपड्याचं रेटिंग हातांपुरतं शून्य असतं.

कॅटेगरी १ ला फेस शील्ड पुरते. २ पासून शील्डच्या आत आर्क-रेटेड बालाक्लाव्हा (डोकं आणि मान झाकणारी कापडी टोपी) हवा किंवा सरळ हूड, कारण आर्कचा झोत शील्डच्या कडेने वळून मान आणि कानामागे पोचतो. ३ आणि ४ ला हूडच. हूडच्या आतही सेफ्टी गॉगल, कानात इअरप्लग आणि डोक्यावर हेल्मेट. हूडची काच हिरवट असते, आत वायरचे रंग नीट ओळखू येत नाहीत. जास्तीच्या दिव्याची सोय आधीच करा. नाहीतर माणूस अर्ध्यात हूड वर करतो.

विजेच्या धक्क्यापासून हा सूट वाचवत नाही. त्यासाठी रबरी हातमोजे, वर चामड्याचे हातमोजे आणि पायाखाली आयएस १५६५२ ची इन्सुलेटिंग मॅट. आयईसी ६०९०३ प्रमाणे क्लास ०० चे हातमोजे ५०० व्होल्टपर्यंत, क्लास ० चे १००० व्होल्टपर्यंत. घालण्याआधी हवा कोंडून गळती बघा. रबरावरचे चामड्याचे मोजे आर्कपासूनही हात वाचवतात, ते ‘घट्ट होतात’ म्हणून काढू नका.

आर्कबरोबर येणारा दाबाचा धक्का, वितळलेल्या तांब्याचे थेंब, उडणारा दरवाजा यांचा कॅलच्या आकड्यात कुठेच हिशेब नाही. म्हणून पहिली पायरी नेहमी शटडाऊन, लॉक आणि टॅग. पण शटडाऊन घेतल्यावर टेस्टरने लाईन मृत असल्याची खात्री होईपर्यंत पॅनेल चालूच समजायचं. तो टेस्ट करताना आणि एसीबी रॅक-इन, रॅक-आऊट करताना (आत-बाहेर सरकवताना) सूट अंगात हवाच. बरेच जण नेमके याच वेळी तो घालत नाहीत.

धुणं आणि साठवण

क्लोरीनची ब्लीच, हायड्रोजन पेरॉक्साइड, फॅब्रिक कंडिशनर, खळ, चारही वर्ज्य. ब्लीच धागा आणि त्यावरची प्रक्रिया कमकुवत करते. कंडिशनर आणि खळ कापडावर जळाऊ थर सोडतात. साबणाची वडी कठीण पाण्यात मळी धरते. मराठवाड्यातल्या बोअरचं पाणी असेल तर हे पक्कं समजा. कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार धाग्यात बसतात आणि साबणाची चिकट मळी त्यांच्याबरोबर. नुसती डिटर्जंट पावडर आणि शक्यतो मऊ पाणी वापरा, कपडा उलटा करून धुवा, एकदा जास्त खळबळून घ्या. ग्रीस किंवा ट्रान्सफॉर्मर ऑइलचा डाग गेला नाही तर कपडा वापरू नका, तेल लागलेला आर्क कपडा पेटतो. घरच्या धुण्यात, बाकीच्या कपड्यांबरोबर टाकू नका.

कोकणात पावसाळ्यात सूट घामट अवस्थेत बॅगेत कोंबून ठेवला की बुरशी धरतो. आधी सावलीत वाळवा, मग बॅगेत. काच मऊ सुती कापडाने पुसा. थिनर किंवा पेट्रोल लागलं की तिच्यावर बारीक तडे येतात.

फाटलं तर दुरुस्ती त्याच कापडाच्या ठिगळाने आणि अ‍ॅरामिड (न वितळणाऱ्या) दोऱ्यानेच. साधा पॉलिस्टर दोरा आर्कमध्ये वितळतो आणि शिवण उसवते. लेबल झिजून वाचता येत नसेल, कापड विरलं असेल, भोक पडलं असेल, काचेवर ओरखडे असतील तर तो भाग बाद करा. एकदा आर्क सोसलेला सूट वरून कितीही धड दिसला तरी पुन्हा वापरायचा नाही. बाद केलेला सूट भंगारात देण्याआधी कात्रीने बाह्या आणि लेबल कापून टाका, नाहीतर तो दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर ४० कॅलचा सूट म्हणून चढतो.